पावावरचं चॉकलेट आणि तालियाची सुई

आमच्या डायबेटिसच्या नर्सने मला विचारलं होतं, ज्यांच्या मुलांना नुकताच डायबेटिस निघालाय अशा आयांसाठी काही लिहून देशील का, तुझ्या भाषेत दिलंस तरी चालेल. सिंगापूरमध्ये मराठी आया काही कमी नाहीत. मी हो म्हटलं आणि मग टाळत राहिले. इन्सुलिन किती घ्यायचं, सुई पोटात टोचायची की मांडीत, हे मी लिहिणार नाही. ते नर्स शिकवते आणि थोड्या दिवसांत हाताला वळण पडतं. जे कोणी शिकवत नाही ते लिहिते, आणि ते माझ्या आईबद्दल आहे.

बरणी

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. माझा जन्म ठाण्याचा. मी प्राथमिक शाळेत असताना आईवडील आम्हाला घेऊन इस्रायलला गेले, अशदोदला. आईला तेव्हा मराठीशिवाय एक अक्षर येत नव्हतं. शाळेच्या पहिल्या दिवशी तिने डब्यात घावन आणि खोबऱ्याची चटणी दिली. वर्गातल्या मुलांनी नाकं मुरडली आणि मी डबा तसाच परत आणला. दुसऱ्या दिवशी आई शाळेच्या फाटकाबाहेर उभी राहून बाकीच्या मुलांच्या हातात काय आहे ते बघत राहिली. मग दुकानात गेली आणि बोटाने दाखवून तीच वस्तू घेऊन आली. पावाला लावायचं चॉकलेट. तपकिरी, चकचकीत, प्लास्टिकच्या बरणीत.

ही बरणी नसलेलं घर इस्रायलमध्ये मी पाहिलेलं नाही. सकाळी डब्यात तेच, संध्याकाळी आईला कामावरून यायला उशीर झाला की जेवायला तेच. पौष्टिक म्हणावं असं त्यात काही नाही. साखर, तेल आणि नावाला कोको. दातांचे डॉक्टर ओरडायचे, शाळेतल्या बाई ओरडायच्या, आणि त्यांच्याही घरी ती असायचीच. आई संत्र्यांच्या पॅकिंगच्या कारखान्यात दिवसभर उभी असायची. घरी आल्यावर ती उरलेल्या चपातीला हे चॉकलेट लावून गुंडाळी करून द्यायची. आमच्या बिल्डिंगमधली मोरोक्कन आणि रशियन मुलंही त्या गुंडाळीसाठी आमच्या दाराशी यायची. माझ्या आईची त्या देशातली पहिली ओळख ही अशी झाली.

पुढे माझं लग्न ठाण्याच्या सॅमशी झालं आणि आम्ही सिंगापूरला आलो. सॅम तुआसला एका इंजिनिअरिंग कंपनीत, मी चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या हिशेबखात्यात, घर सेंगकांगला. मुलगी झाली, तिचं नाव तालिया. आई दरवर्षी यायची तेव्हा तिच्या बॅगेत कपडे कमी आणि बरण्या जास्त असायच्या, एकेक परकरात गुंडाळलेली. मी म्हणायचे, आई, इथे चॉकलेटला काही दुष्काळ पडलेला नाही. त्यावर तालिया ठासून सांगायची, "नोबडी मेक लाइक आजी." आईला एवढं इंग्रजी समजायचं. ते ऐकून ती दिवसभर खुशीत असायची.

पाणी

तालिया दुसरीत होती. ती पाणी प्यायला लागली, आणि किती प्यायला लागली म्हणजे बाटली हातातून सुटेना. अंथरूण ओलं करायला लागली. गळ्याजवळची हाडं दिसायला लागली. आई त्यावेळी आमच्याकडेच होती. तिचं म्हणणं, पोर उन्हाने सुकली आहे, तिला नीट खाऊ घाला. म्हणून ती दोनाच्या जागी तीन गुंडाळ्या द्यायची. तालिया खायची आणि आणखी वाळायची.

पॉलिक्लिनिकमध्ये बोट टोचलं. मशीनवर आकडा आलाच नाही, आकड्यापलीकडे गेलंय एवढंच ते सांगत होतं. डॉक्टर म्हणाले, घरी जाऊ नका, इथून थेट हॉस्पिटलला जा. मला टॅक्सीतलं एवढंच आठवतं की आईने तालियाचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ती तिच्या केसांतून हात फिरवत होती. सॅम तुआसहून तसाच निघाला होता, कारखान्यातले जड बूट घालून, आणि वॉर्डच्या गुळगुळीत फरशीवर त्या बुटांचा आवाज येत होता.

टाइप वन डायबेटिस. वॉर्डातल्या एका तरुण डॉक्टरणीने खुर्ची ओढून शांतपणे समजावलं. शरीराच्या स्वतःच्याच रक्षणव्यवस्थेने इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकल्या आहेत. का, ते कोणाला माहीत नाही. काही खाल्ल्याने हे होत नाही आणि काही न खाल्ल्याने टळलं नसतं. तिने हे मला सांगितलं, सॅमला सांगितलं, मग पुन्हा दोघांना एकत्र सांगितलं. सगळं इंग्रजीत. आई पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर तालियाचं पाऊल हातात धरून बसली होती आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत होती.

संध्याकाळी आमच्या ओळखीच्या एक मराठी बाई डबा घेऊन आल्या. फार मायाळू बाई. त्यांनी तालियाच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "गोड फार खायची का हो ही?"

मी नाही म्हटलं, गोडाचा काही संबंध नाही म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. पण आईच्या हातातून तालियाचं पाऊल सुटलं होतं. त्या खोलीत दिवसभर लोक बोलत होते, आणि परक्या माणसाच्या तोंडून आईला कळलेलं तेवढंच एक वाक्य होतं.

त्या गेल्यावर आईने मला विचारलं, "डॉक्टरीणबाई नक्की काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, हे खाण्याने होत नाही. कोणाचाही दोष नाही."

"अशा म्हणाल्या?"

"हो गं आई."

"तू माझी मुलगी आहेस. त्या दुसरं काही म्हणाल्या असत्या तरी तू मला हेच सांगितलं असतंस."

ते खरं होतं. तुमच्या घरात आजी-आजोबा असतील तर नर्सला आधी हे सांगा, की त्यांच्या भाषेत बोलणारं कोणीतरी आणा. तुम्ही मध्ये दुभाषी होऊ नका. तुमची माया त्यांना ठाऊक असते, म्हणूनच ते तुमच्यावर विश्वास ठेवत नाहीत.

नवस

घरी आल्यावर आईने उरलेल्या बरण्या कचऱ्याच्या पिशवीत भरून स्वतः खाली नेल्या. मग तोंड धुतलं, डोक्यावरून पदर घेतला आणि एलियाहू हनाबी या आमच्या प्रेषितांना नवस बोलली. आमच्यात अडीअडचणीला त्यांनाच हाक मारतात, आणि नवस फेडताना मलिदा करतात, भिजवलेल्या पोह्यांत ओलं खोबरं, साखर, वेलची आणि वर फळं. आई म्हणाली, तालियाची सुई सुटली की मलिदा करीन, तोवर गोडाचा कण तोंडात घालणार नाही.

"आई, ही सुई सुटत नाही," मी म्हटलं. "जन्मभराची आहे."

"तू एलियाहू हनाबींना नियम शिकवू नकोस," ती म्हणाली.

शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे आमचा विसाव्याचा दिवस, लागला की आम्ही मनुकांच्या सरबतावर आशीर्वाद म्हणतो. सॅमने पेला पुढे केला तेव्हा आईने तो ओठांना नुसता लावला आणि पुढे दिला. चहाही ती बिनसाखरेचा प्यायला लागली. ज्या बाईला चहात तीन चमचे लागायचे, तिला तो पिताना मला बघवायचं नाही. मी कप तिच्यासमोर ठेवून काहीतरी निमित्ताने आत जायचे.

आकडे

ते पहिलं वर्ष मला सलग आठवत नाही. सुई घेताना तालिया रडायची नाही, चिडायची. "ममी, यू फास्टर कॅन ऑर नॉट?" मी डोस दुसऱ्यांदा तपासत असायचे. झोपेत इन्सुलिनमुळे साखर अचानक धोक्याइतकी उतरेल ही भीती कायमची उशाशी. सॅम आणि मी एकमेकांशी बोलायचो ते फक्त आकडे. किती आली, किती दिलं, किती खाल्लं. एकदा तो म्हणाला, "आज ऑफिसात काय झालं ते तरी विचार." मी विचारलं, आणि त्याला काही सांगताच आलं नाही. दोघंही जेवणाच्या टेबलाशी हसलो, मग मला रडू आलं.

चांगली माणसंही भेटली. शाळेच्या कँटीनमधल्या नूडलवाल्या काकूंनी तालियासाठी वेगळी छोटी वाटी ठेवली, दरवेळी तेवढीच भरायची म्हणजे हिशेब चुकत नाही. समोरच्या फ्लॅटमधल्या लिम आंटी साखर उतरल्याची लक्षणं माझ्याकडून शिकून गेल्या. घाम, थरथर, विनाकारण राग. "लाइक मी एव्हरी डे, लाह," त्या म्हणाल्या.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. या आजारात गोड मोजून खायचं असतं, पण साखर उतरली की गोडच जीव वाचवतं. म्हणून आमच्या फ्रिजच्या दारात सफरचंदाच्या ज्यूसचे छोटे हिरवे खोके कायम असायचे, आणि दप्तरात ग्लुकोजच्या गोळ्या.

साफसफाई

पुढच्या वर्षी आई आली. या खेपेला बॅग हलकी होती. ती आणखी वाळली होती. मी ऑफिसला जायचे आणि शाळेतून आलेल्या तालियाला ती घ्यायची, जेवायला वाढायची. साखर उतरली तर ज्यूस द्यायचा हे मी तिला सांगितलं होतं, पण गोडाबद्दल माझं काहीच तिला पटत नव्हतं.

पेसाखच्या सणाआधी आम्ही घरातलं सगळं खमीर काढून टाकतो. पाव, बिस्किटं, पीठ, कपाटाच्या फटीतला चुरासुद्धा. डबे उपसायचे, फळ्या पुसायच्या, काही उरलं असेल तर शेजाऱ्याला देऊन टाकायचं. आईइतकं कसून ते काम आमच्या अशदोदच्या बिल्डिंगमध्ये कोणी करत नसे. माझ्या घरात एका सकाळी, सण नसताना, तिने तेच केलं. खमिराच्या जागी साखर. साखरेचा डबा, गूळ, मध, जॅम, बिस्किटं, सॅमची लिमलेटच्या गोळ्यांची पुडी, फ्रिजच्या दारातले हिरवे खोके. तालिया शाळेला निघण्याआधी तिच्या दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात ग्लुकोजच्या नारिंगी गोळ्या दिसल्या, त्याही. सगळं दोन पिशव्यांत भरून लिम आंटींना नेऊन दिलं. त्यांना खुणांनी काय समजलं कोण जाणे, त्यांनी हसून ठेवून घेतलं.

तालियाला त्या दिवशी शाळेत पळायला लावलं होतं, आणि पळालं की साखर आणखी उतरते. दुपारी ती घरी आली आणि दप्तर न काढताच दारात बसली. आईने मला फोन केला.

"ती मला ओळखत नाही असं बघतेय. अंगाला पाणी सुटलंय."

"आई, फ्रिजच्या दारात हिरवे खोके आहेत, ज्यूसचे. एक फोड आणि तिला पाज. लगेच."





"ते मी काढून टाकलं."

"काय काढून टाकलंस?"

"गोड सगळं. पेसाखला काढतो तसं."

"साखर?"

"साखर पण."

मी जिना उतरत होते, टॅक्सीला हात करत होते, ते सगळं दुसरंच कोणी करत असल्यासारखं. म्हटलं, लिम आंटींकडे जा, धाव. मला तिच्या पावलांचा आवाज आला, ग्रिलचा खडखडाट आला, ती "बाई, बाई" अशी हाक मारत होती. मग परत श्वास. "कुलूप आहे."

मी काय बोलले असेन आठवत नाही. आठवतं ते आईचं वाक्य. अगदी हलक्या आवाजात ती म्हणाली, "माझ्या बॅगेत एक आहे."

अशदोदच्या दुकानात तिचा हात सवयीने त्या फळीकडे गेला होता. रिकाम्या हाताने नातीकडे कसं जायचं, म्हणून बरणी घेतली, परकरात गुंडाळून तळाशी ठेवली, आणि इथे आल्यावर बाहेर काढायचा धीर झाला नाही. घर धुऊन काढताना तेवढी एकच बरणी तिच्याच्याने टाकवली नाही.

मी पोचले तेव्हा तालिया भिंतीला टेकून बसली होती, तोंडाभोवती चॉकलेट माखलेलं, आणि मला म्हणाली, "ममी, आय वॉन्ट टू स्लीप." शेजारी जमिनीवर आई बसली होती. तिने उजवा हात अंगापासून लांब धरला होता. त्या हाताच्या बोटाने तिने बरणीतलं चॉकलेट पोरीच्या गालाच्या आत, हिरड्यांना लावलं होतं. बोट अजून तसंच भरलेलं होतं. तिने ते चाटलं नव्हतं आणि पुसलंही नव्हतं. मी तालियाचं बोट टोचून मीटरवर साखर बघितली, तिला उचललं, लिम आंटी परत आल्यावर त्यांच्याकडून ज्यूस आणला, ते सगळं होईपर्यंत ती तशीच बसून होती. मग उठली आणि बेसिनपाशी जाऊन साबणाने हात धुतला.

मी तिला एका शब्दाने बोलले नाही. तिच्या तोंडाकडे बघून कोणी बोललं नसतं.

डॉक्टरकडे नेलं तेव्हा आई हट्टाने सोबत आली. डॉक्टर म्हणाली, चॉकलेटमध्ये तेल असतं, त्याने साखर हळू चढते, ज्यूस केव्हाही बरा, पण काहीच न देण्यापेक्षा हे दिलं ते फार चांगलं केलं. मी आईला सांगितलं, "त्या म्हणतात, तू तिला वाचवलंस."

"डॉक्टरांचं नाव घेऊन तू तुझ्या मनातलं बोलतेस," आई म्हणाली.

शुक्रवार

ती परत गेली ती पुन्हा आली नाही. गुडघे, रक्तदाब, कारणं खरी होती. दर शुक्रवारी शब्बाथ लागायच्या आधी फोनवर एकमेकींची तोंडं बघायची. एकदा तिने तालियाला सांगितलं, तुझा तो हिरवा खोका दाखव. तालियाने कॅमेऱ्यासमोर धरला. "उलटा कर. आता वरून दाखव. नळी कुठे असते?" आईला बोलायला विषय हवा असेल असं मला वाटलं. मी मागे मेणबत्त्यांची ताटली पुसत होते.

पुढच्या सुट्टीत आम्ही येऊ, असं मी दरवर्षी म्हणायचे. एका सुट्टीत सॅमच्या कामाचं काही निघालं, मग तालियाची सहावीची परीक्षा आली. विमानात साखर उतरली तर, ही भीतीही होतीच.

परीक्षा झाली आणि आई गेली. झोपेत, हृदय बंद पडून. शेजारच्या हन्नामावशींचा फोन आला. आमच्यात गेलेल्या माणसाला ठेवत नाहीत, लगेच पुरतात. सॅम, तालिया आणि मी पोचलो तोवर माती झाली होती.

सुतकाचे सात दिवस जमिनीवर बसायचं असतं. आईच्या पुढच्या खोलीत गाद्या घातल्या होत्या, आरशावर चादर टाकली होती, लोक येत होते, उकडलेली अंडी आणि पाव आणत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी तालियाच्या वरच्या ओठावर घाम दिसला. तिने सकाळपासून धड खाल्लं नव्हतं. माझी पिशवी आतल्या खोलीत होती, मी उठायला लागले.

"कुठे चाललीस?" हन्नामावशींनी विचारलं. मी सांगितलं. "बस खाली. तुझ्या हाताशी खण आहे तो उघड."

मी टीव्हीखालचा खण उघडला. आत सफरचंदाच्या ज्यूसचे छोटे हिरवे खोके ओळीने लावलेले होते, प्रत्येकाला नळी चिकटवलेली. अक्षरं हिब्रू होती, एवढाच फरक.

"प्रत्येक खोलीत आहेत," हन्नामावशी म्हणाल्या. "न्हाणीघरात आहेत. पलंगाशी आहेत. सिनेगॉगला जायच्या पिशवीतसुद्धा एक असायचा. तारीख उलटत आली की माझ्या नातवंडांना द्यायची आणि नवे आणायची. पोर केव्हाही येईल म्हणायची."

तालिया ज्यूस पीत होती. मी विचारलं, "आणि चॉकलेट?"

"स्वयंपाकघरात वरच्या फळीवर आहे. नवी बरणी आणली की मला चाखायला लावायची, खराब नाही ना बघ म्हणायची. स्वतः नाही."

ज्यूसनंतर थोडं थांबून पुन्हा बोट टोचायचं असतं. आकडा वर आला होता. मग काहीतरी पोटाला आधार म्हणून खायचं असतं. तालिया उठून स्वयंपाकघरात गेली, मी तिच्या मागे. तिने बरणी काढली, पावाला चॉकलेट लावलं, सवयीने मनात मोजलं, आणि ओट्याला टेकून खाऊ लागली.

"ममी, आजीला माहीत होतं ऑर नॉट? की शी डिडन्ट मेक मी सिक?"

"मी तिला खूपदा सांगितलं होतं."

"बट शी बिलीव्ह यू?"

"नाही."

ती चावत राहिली. आजीचा घरात घालायचा झगा दारामागे लटकत होता, त्याच्याकडे बघत होती. "मला नाही कोणी सांगितलं, आजीला सांग म्हणून," ती म्हणाली. "मी सांगितलं असतं. शी ऑलवेज बिलीव्ह मी."

मला खरंच कधी सुचलं नव्हतं. डॉक्टर, नर्स, सॅम, मी, आम्ही सगळे त्या पोरीच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलत होतो.

तालियाने पाव खाली ठेवला, हात पुसले, आणि त्या झग्यासमोर उभी राहून एकेक शब्द जुळवत म्हणाली, "आजी, तू मला आजारी नाही केलंस." तिचं मराठी मोडकंतोडकं आहे, पण यात एकही शब्द इंग्रजी नव्हता. आईला सगळं कळलं असतं.